उंदीर पुण्याचा, पतंग सोलापूरचा

तुलना करायची तर सारख्याची सारख्याशी करावी, असं शहाणी माणसं सांगतात. हापूसची पायरीशी करावी, बार्शीच्या बाजाराची पंढरपूरच्या बाजाराशी करावी. पण आपल्याकडे हा नियम पाळतो कोण? शाळेत आम्हांला दरवर्षी 'तलवार श्रेष्ठ की लेखणी' या विषयावर निबंध असे. तलवार आमच्यापैकी कोणी हातात धरलेली नव्हती, आणि लेखणी ज्या अवस्थेत होती त्या अवस्थेत तिनं आमची बोटं निळी करण्यापलीकडे कोणाचं काही वाकडं केलं नसतं. तरी दोन पानं भरून आम्ही निकाल लावत असू. लेखणी जिंकायची, कारण तपासायला मास्तर होते. फौजदारांनी वह्या तपासल्या असत्या तर निकाल फिरला असता. तेव्हापासून माझं मत आहे, की तुलनेचा निकाल वस्तूंवर नाही, तपासणारा कुठल्या खुर्चीत बसलाय यावर ठरतो.

हे पुराण लावायचं कारण असं, की गेला महिनाभर मी एका उंदराची आणि एका पतंगाची तुलना करतो आहे. उंदीर डोंगरावरचा, पतंग थंडीतला. दोघांची कधी गाठ पडलेली नाही आणि पडेल असंही दिसत नाही. हिचं म्हणणं, निवृत्त माणसानं असले विचार करण्यापेक्षा भाजी निवडावी. आता हिला कसं सांगावं, की हा सगळा विचार मला भाजी निवडतानाच सुचला आहे! हरभऱ्याची भाजी निवडत होतो आणि मांडीवर पुण्याचं वर्तमानपत्र होतं. वर्तमानपत्रात उंदीर होता, भाजीत अळी होती.

आधी उंदराची ओळख करून देतो, कारण त्याचा मान मोठा आहे. त्याचं शास्त्रीय नाव 'मिलार्डिया कोंडाना'. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या मिश्रा आणि धांडा या दोघा शास्त्रज्ञांनी १९७५ साली जगाला सांगितलं, की हा उंदीर निराळा आहे, आजवर कोणी नोंदला नव्हता. सापडला कुठं? सिंहगडावर. मऊ केसांचा, बीळ करून राहणारा, रात्री हिंडणारा प्राणी. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवरचं ते एवढंसं पठार, तेवढाच त्याचा मुलूख. वर्णन झालं तेव्हा आणि पुढेही बराच काळ, त्या गडाखेरीज दुसरीकडे कुठंही त्याची नोंद नव्हती. म्हणजे पुण्याचा प्राणी, दिवसा भेटत नाही, आणि आमची कोठेही शाखा नाही! या उंदरानं पुण्याचं नागरिकत्व किती मनापासून घेतलं होतं हे मी सोलापूरकरानं आणखी सांगायला नको.

त्याचं नाव ठेवतानाही बघा, 'सिंह' टाळून जुना कोंढाणा घेतला. उंदराच्या नावात सिंह घालायचा म्हणजे पंचाईतच होती. सन १६७० मध्ये तानाजी मालुसऱ्यांनी गड घेतला, गड आला पण सिंह गेला, हे आपण सगळ्यांनी पाठ केलं. त्या कथेत घोरपडीचंसुद्धा नाव झालं. बखरकार आणि इतिहासकार यांच्यात त्या घोरपडीवरून अजून वाद आहेत, पण नाव झालं ते झालं. या उंदराचे पूर्वज मात्र तेव्हाही पायाखाली कुठंतरी बिळात असणार, आणि त्यांची दखल घ्यायला १९७५ साल उजाडावं लागलं. तीनशे वर्षं उशिरा का होईना, दखल घेतली गेली, आणि घेतली गेली ती साधीसुधी नाही. आंतरराष्ट्रीय लाल यादीत 'संकटग्रस्त' म्हणून त्याचं नाव लागलं. कारणं जी दिली आहेत ती आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहेत: गडावरची झाडी-गवत कमी होणं, गुरांची चराई आणि पर्यटक. म्हणजे आपण पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही खायला वर जातो, तेव्हा ज्याच्या अंगणात आपण चटई टाकतो तो हा.

आता पतंग. पतंग म्हणजे संक्रांतीला उडतो तो नव्हे. मराठीत दोघांना एकच शब्द आहे, त्यामुळे 'पतंगांचा बंदोबस्त करा' असं कृषी खात्याचं पत्रक आलं की आमच्या गल्लीतली पोरं दचकतात. दिवाळी होते, पहाटे अंगावर चादर घ्यावीशी वाटते (सोलापुरात चादर घ्यावीशी वाटणं हा गावाचा अभिमान असल्यामुळे आम्ही जरा लवकरच घेतो), शिवारात हरभरा फुलावर येतो, आणि संध्याकाळी ट्यूबलाइटशेजारच्या भिंतीवर एक फिकट खाकी रंगाचा गृहस्थ येऊन बसतो. पंख पसरले तर इंच-दीड इंच. पुढच्या पंखांवर मूत्रपिंडाच्या आकाराचा एक काळपट ठिपका, मागचे पंख फिके, त्यांना काळसर कड. एकंदर रूप असं, की सरकारी कचेरीत टेबलामागं बसला तर कोणाच्या लक्षात येणार नाही. हा घाटेअळीचा पतंग.

शास्त्रात त्याला 'हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा' म्हणतात, पण शास्त्राबाहेर त्याची इतकी नावं आहेत की पोलिसांनी नोंद करून ठेवावी. हरभऱ्यावर असला की घाटेअळी. तुरीवर गेला की शेंगा पोखरणारी अळी. टोमॅटोत फळ पोखरणारी अळी. कापसावर गेला की 'अमेरिकन बोंडअळी'. आणि गंमत म्हणजे तो मूळचा अमेरिकेतला नाहीच. नाव आधी अमेरिकन पडलं आणि मग २०१३ साली तो खरोखरच दक्षिण अमेरिकेत, ब्राझीलमध्ये सापडला. आमच्या ओळखीत एका मुलाला लहानपणापासून सगळे डॉक्टर म्हणत, तो शेवटी कंपाउंडर का होईना झाला, तसंच हे. जिथं जाईल तिथलं रेशनकार्ड काढायचं, मिळेल ते खायचं, औषध मारलं तर चार पिढ्यांत पचवायचं. १९८७च्या हंगामात आंध्रातल्या कापूसपट्ट्यात त्या वेळची भारीतली भारी औषधं याच्यावर चालेनाशी झाली. पिकं गेली, आणि पिकांपाठोपाठ माणसंही गेली. ते विनोदाने लिहिण्यासारखं नाही.

मादी कोवळ्या पानांवर, कळ्यांवर एकेक सुटं अंडं घालत जाते. सगळी अंडी एका ठिकाणी घालायची नाहीत, हे तिला कोणी शिकवावं लागत नाही. आमच्या बँकेतल्या ठेवीदारांना मी तीस वर्षं तेच समजावत होतो. पाचशे-हजार अंडी घालते. चार-सहा दिवसांत अळी बाहेर येते, आधी पानं खरवडते आणि मग घाट्याकडे वळते. तिची खायची पद्धत बघण्यासारखी आहे. घाट्याला भोक पाडायचं, डोकं आणि अर्धं अंग आत, अर्धं अंग बाहेर. लग्नाच्या पंगतीत ताटावर वाकलेला माणूस पाठीमागून जसा दिसतो तशी दिसते. आतला दाणा संपवला की पुढचा घाटा. एक अळी तिच्या आयुष्यात तीस-चाळीस घाट्यांचा निकाल लावते. हरभऱ्याची ती आंब, जी पहाटे पाल्यावर फडकं पसरून आमच्या आज्या पिळून घ्यायच्या आणि पोटदुखीवर जपून थेंब-थेंब द्यायच्या, ती या अळीला शेंगाचटणीसारखी लागत असावी.

तर असे हे दोघे. आता प्रश्न असा, की यांतला कोण मोलाचा? म्हणजे दोघांतला एकच वाचवता आला तर कोणाला वाचवावं?

प्रश्न टाकल्याबरोबर उत्तर तयार असतं: उंदीर! मी आमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळींना कंबर तलावाच्या कट्ट्यावर विचारून पाहिलं. सात जणांनी उंदराला मत दिलं, एकानं मला डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. सातही जणांच्या घरी उंदरांचे पिंजरे आहेत. त्यांतल्या एकाच्या घरी तर पिंजरा, गोंदाचा पुठ्ठा आणि गोळ्या अशी तिहेरी व्यवस्था आहे. मी म्हटलं, "अहो, तुमच्या पिंजऱ्यातला उंदीर आणि सिंहगडावरचा उंदीर यांत फरक काय?" ते म्हणाले, "वा! तो दुर्मीळ आहे." बरं, तो दुर्मीळ आहे हे बघून सांगता येईल का? शक्य नाही. आपल्या काळ्या रानात त्याचा एक सख्खा चुलतभाऊ राहतो, तोही मऊ केसांचाच. दोघांना शेजारी बसवलं तर तज्ज्ञ माणूस मापं घेऊन सांगेल की हा लाल यादीतला आणि हा झिंक फॉस्फाइडच्या यादीतला. आपण पिंजरा उघडताना मापं घेत नाही.

म्हणजे मोल आहे ते उंदीरपणाला नाही, विरळपणाला. आता हे बाजारात ठीक आहे. आमच्या सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याच्या गाड्यांची रांग लागते तेव्हा कांद्याला कुत्रं विचारत नाही, आणि आवक थांबली की त्याच कांद्यावरून दिल्ली हलते. कांदा तोच, डोळ्यांत पाणी तेवढंच. पण जे बाजारात खरं ते नीतीतही खरं का? विरळ म्हणजे मोलाचं, असं धरलं तर एक मोठी अडचण येते. देवीच्या रोगाचा विषाणू घ्या. एके काळी गावंच्या गावं त्यानं उजाड केली. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं की देवी जगातून गेल्या. आज तो विषाणू अमेरिकेत एका आणि रशियात एका, अशा दोन प्रयोगशाळांत कुलपाआड आहे. याहून विरळ काय असणार? पण त्याच्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही. उलट ती दोन कुलपं तरी कशाला, नष्टच करून टाका, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. तेव्हा नुसतं विरळ असून भागत नाही. विरळ असावं आणि निरुपद्रवीही असावं.

बरं, कोंढाण्याचा उंदीर निरुपद्रवी आहे. कबूल. पण का आहे? गडाच्या पठारावर त्याला उपद्रव करायला आहे काय? तिथं ज्वारीची कणगी नाही, हरभऱ्याचं खळं नाही. आमच्या कचेरीत एक कारकून होते, त्यांच्या सचोटीचं फार कौतुक व्हायचं. त्यांच्याकडे आवक-जावकचं टेबल होतं. आवक-जावकच्या टेबलावर लाच द्यायला येणार कोण? पुढे त्यांची बदली कर्जविभागात झाली आणि कौतुक हळूहळू बंद पडलं. उंदराची सचोटी आवक-जावकच्या टेबलावरची आहे. त्याला उचलून मंगळवेढ्याच्या शिवारात मालदांडीच्या राशीवर सोडला तर लाल यादी त्याला आठवणार नाही आणि शेतकऱ्यालाही आठवणार नाही. पतंगाला कर्जविभाग मिळाला, एवढाच काय तो त्याचा गुन्हा.

इथपर्यंत मी आलो होतो आणि स्वतःवर बऱ्यापैकी खूश होतो. मग हे सगळं मी माझ्या मेहुण्याला सांगितलं. मेहुण्याचं रान मंगळवेढ्याकडं आहे, काळं, खोल, डोळे दिपवणारं. यंदा तीन एकर हरभरा आहे. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. शेतकरी माणूस शहरातल्या माणसाचं ऐकून घेतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर एक विशेष प्रकारची दया असते, ती मला दिसत होती.

"दाजी," तो म्हणाला, "उंदीर गडावर हाय, पतंग रानात हाय. गडावर कुणी सोसायटीचं कर्ज काढून पेरलंय का?"

"नाही."

"मग तुमचा उंदीर चांगलाच असणार की वो."

मी म्हटलं, पण तत्त्व म्हणून बघ. तो म्हणाला, "तत्त्वाला बियाणं किती लागतं एकरी?" आणि बैलांना वैरण टाकायला गेला.

मेहुण्याचं हे बोलणं वरवर अडाणीपणाचं वाटेल, पण त्यात एक खोच आहे. विरळाचं मोल ठरवतो एक आणि चुकतं करतो दुसरा. याची आम्हां सोलापूरकरांना पुण्याच्या उंदरापेक्षा जास्त सवय आहे. इथून वीसेक किलोमीटरवर नान्नजला माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे. १९७९ साली जाहीर झालं. क्षेत्र किती? ८,४९६ चौरस किलोमीटर! गोवा राज्य त्यात दोनदा बसतं आणि वर जागा उरते. सोलापूर आणि त्या वेळचा अहमदनगर, दोन्ही जिल्ह्यांतली गावंच्या गावं, पेरलेली रानं, विहिरी, शाळा, सगळं अभयारण्यात. पक्षी थोडेसे आणि त्यांच्या अंगणात लाखो माणसं. कितीतरी वर्षं तिथल्या माणसाला जमिनीचा व्यवहार करायचा तर परवानग्यांच्या चकरा माराव्या लागत. पोरीच्या लग्नासाठी दोन एकर विकायला निघालेल्या बापाला कोणीतरी सांगायचं, थांबा, माळढोक आहे. त्या बापानं उभ्या जन्मात माळढोक पाहिलेला नसायचा. पुढे ते क्षेत्र कमी करून सव्वाबाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं. पण तोवर माळढोकही कमी करत आणला गेला होता. आता नान्नजला एखादा दिसला तर ती वर्तमानपत्रातली बातमी होते.

मी स्वतः माळढोक पाहिला आहे, फार वर्षांपूर्वी, नान्नजच्या माळावर, थंडीतच. दूर गवतात उंच मान करून एखाद्या तालेवार इनामदारासारखा उभा होता. त्याला पाहिल्यावर मला जमिनीचे व्यवहार आठवले नाहीत. घसा मात्र दाटून आला, का ते अजून सांगता येत नाही. म्हणजे विरळाचं मोल सगळंच खोटं आहे असंही नव्हे. आणि तो इनामदार माळावर खात काय होता? नाकतोडे, भुंगेरे, असलेच किडेमकोडे. जवळपास पीक असेल तर हरभराही, शेंगाही. एवढा दुर्मीळ पक्षी, पण त्याचं पोट भरत होतं ते मोजता न येणाऱ्या सामान्यांवर. हे मी मेहुण्याला सांगितलं नाही. माळढोक हरभरा खातो एवढंच त्याच्या लक्षात राहिलं असतं.

आता घरातली गोष्ट. लिहू नये, पण विषय निघालाच आहे. आम्ही दोघे भाऊ. दादा पुण्याला असतो, कोथरूडला. त्याच्या गच्चीवरून सिंहगड दिसतो, असं तो सांगतो. (उंदराबद्दल त्याला विचारलं, तर म्हणाला, "आमच्या सोसायटीत पेस्ट कंट्रोल आहे.") मी सोलापुरात. आई माझ्याजवळ, आता पंच्याऐंशीची आहे. दादा वर्षातून दोनदा येतो, एकदा सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या वेळी आणि एकदा आंब्याच्या दिवसांत. तो येणार म्हटलं की आई आदल्या दिवसापासून वेगळीच होते. कडक भाकरी आणवते, शेंगाचटणी घरीच कुटायला लावते, आणि वरच्या फळीवरचे निळ्या फुलांचे चिनी मातीचे कप खाली येतात. ते कप बाबांनी घेतलेले. सहा होते, चार राहिले. दादा आला की त्यात चहा. एरवी आम्ही सगळे स्टीलच्या पेल्यांवर. आईची औषधं सकाळी आठला कोणती आणि रात्री कोणती, तिला कुठल्या कुशीवर झोपवायचं, पाय चोळताना कुठं दुखतं, हे सगळं हिला तोंडपाठ आहे. पण आईनं आल्यागेल्याला "माझी सून" म्हणून जिची गोष्ट सांगितली ती नेहमी पुण्याची सून, जिनं एकदा चार दिवस राहून आईला मऊ भात करून घातला होता. एकदा चार दिवस! हिनं किती हजार वेळा घातला याचा हिशेब ठेवायचा तर मला पुन्हा बँकेत जावं लागेल.

हिला मी एकदा विचारलं, "तुला काही वाटत नाही?" ही म्हणाली, "वाटतं की. पण रोज काय काय वाटून घ्यायचं?"

आईलाही विचारलं. सरळ नाही, चेष्टेच्या सुरात विचारलं. म्हटलं, "आई, ते निळे कप आमच्यासाठी कधी निघायचे?" आईला आता कमी ऐकू येतं, पण कपांबद्दलचं बरोबर ऐकू आलं. म्हणाली, "अरे, तो आला की ते काढून द्यायला तूच लागतोस. माझा हात पोचतो का फळीवर?" आणि ती पुन्हा जपाला लागली. हे उत्तर होतं की नव्हतं, हे मी अजून ठरवलेलं नाही. मी फळीकडे पाहिलं. खरंच उंच आहे.

तर तुम्ही म्हणाल, हा गृहस्थ पतंगाची बाजू घेतोय ती स्वतःसाठी. असेलही. मास्तरांनी लेखणीची घेतली, मी पतंगाची घेतो. पण एक गोष्ट खुर्ची बदलूनही खरी राहते असं मला वाटतं, ती मांडून बघतो. शेवटचा कोंढाणी उंदीर गेला तर उंदरांची एक तऱ्हाच जाईल आणि परत येणार नाही. हे नुकसान मोठं आहे, आणि ते भरून काढायला कोणाच्या बापाचे पैसे पुरणार नाहीत. पतंग एक मेला तर उद्या त्याच्या जागी दुसरा. इथवर सगळं बरोबर. पण हे बरोबर कोणाला? मोजणाऱ्याला. यादी करणाऱ्याला. मरणाऱ्या उंदराला आपण शेवटचे आहोत हे ठाऊक नसतं, आणि पतंगाला आपल्यासारखे कोट्यवधी आहेत याचा काही उपयोग नसतो. त्याच्यापुरता तोही एकुलता एकच. एवढ्या मोठ्या संख्येत जन्मल्यामुळे त्याचं मरण काही स्वस्त होत नाही. बघणाऱ्याला स्वस्त वाटतं. सोलापूर स्टेशनावर सुट्टीच्या दिवशी पुण्याच्या गाडीला जी गर्दी असते ती बघून 'किती ही माणसं!' असं मी हजारदा म्हटलं आहे. त्या गर्दीतलं एकही माणूस स्वतःला गर्दी समजत नव्हतं.

मग काय, घाटेअळी मारू नये? हे मेहुण्याच्या बांधावर उभं राहून म्हणायची माझी छाती नाही. तीन एकर आहेत, सोसायटीचा हप्ता आहे, धाकटीची फी आहे. मारलीच पाहिजे. फक्त 'ती तर काय, ढिगानं आहे' म्हणून मारणं वेगळं आणि 'माझ्या पोरीच्या फीसाठी मारतो आहे' म्हणून मारणं वेगळं, असं मला वाटतं. अळीला यात काही फरक पडत नाही हे मान्य. पहिल्या कारणाला मात्र तळ नसतो. आज अळी ढिगानं आहे, उद्या कोण ढिगानं असेल सांगता येत नाही. दुसऱ्या कारणाला निदान हप्ता फिटला की थांबता येतं.

गेल्या आठवड्यात हुरड्याचं निमित्त करून आम्ही मेहुण्याकडे गेलो होतो. आईला आणता आलं नाही, तिच्यापाशी शेजारच्या काकू होत्या. आगटी पेटली होती, कणसं भाजत होती. मी आणि मेहुणा हरभऱ्याकडे फिरायला गेलो. त्यानं सरीसरीनं इंग्रजी टी-सारख्या काठ्या रोवल्या आहेत, पक्ष्यांनी बसून अळ्या वेचाव्यात म्हणून. हरभऱ्यात मधूनमधून ज्वारीचे दाणेही पेरले आहेत, त्याच कारणानं; ज्वारी उंच वाढते आणि पाखरं टेकतात. कोतवाल आणि साळुंख्या दिवसभर वेचत असतात. आणि एकरी दोन याप्रमाणे त्यानं सापळे लावले आहेत. त्यांना कृषी खात्यात 'कामगंध सापळे' म्हणतात. त्या खात्यात एखादा कवी कारकून म्हणून अडकलेला असणार, एरवी असला शब्द सरकारी कागदावर उमटत नाही. वर एक टोपी, तिच्या खाली रबराची एक एवढीशी गोळी, गोळीला मादीचा वास, आणि खाली प्लॅस्टिकची लांब पिशवी. रात्री नर वासावर येतात आणि पिशवीत पडतात. मादी तिथं नसतेच.

मेहुण्यानं पिशवीचं खालचं तोंड सोडलं आणि तळहातावर पतंग ओतून घेतले. बॅटरी माझ्या हातात होती. तो एकेक बाजूला करत मोजत होता, बाजारात नाणी मोजावीत तसा. दोन अजून फडफडत होते, त्यांच्या पंखांची पूड त्याच्या बोटांना लागली होती.

"कितीपर्यंत चालतात?" मी विचारलं.

"सलग दोन-तीन दिवस आठ-धा निघाले तर फवारा," तो म्हणाला. "कमी असले तर पाखरांवर सोडायचं. औषध फुकट येतंय का?"

"आज किती?"

त्यानं पुन्हा मोजले.

"सात," तो म्हणाला, हात झटकला, पिशवीला गाठ मारली, आणि आम्ही हुरड्याकडे निघालो. बायकांनी हाका मारायला सुरुवात केली होती.